भैयाजींनी धरलेल्या नाड्या

नागपुरात मानेवाड्याच्या अंगाला ओंकार लेआउट नावाची वस्ती आहे. तिथे कुणाच्या घरात माणूस गेला, की पहिला फोन डॉक्टरला जात नसे. भैयाजींना जात असे. डॉक्टर फी घेऊन जे सांगणार ते भैयाजी फुकट सांगत, आणि वर बांबूही मागवून देत.

भैयाजी वैरागडे खापरखेड्याच्या वीज केंद्रात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, बागेत हसायला जातात, सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. भैयाजींनी दुसऱ्यांच्या मरणात नाक खुपसलं. त्यांच्या खाकी झोळीत सुतळीचा गुंडा, कात्री, कापूर, अबीर आणि गंगाजलाची बाटली कायम तयार असे. ती बाटली संपली की कुठल्या नळावर भरली जाते, हे फक्त त्यांच्या बायकोला, सत्यवतीबाईंना, ठाऊक होतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना तोंड उघडायची सवय राहिली नव्हती.

मयताच्या घरी भैयाजी शिरले की रडणारेसुद्धा रडणं आवरतं घेऊन वाट देत. भैयाजी चष्मा कपाळावर चढवत, बिछान्याशी उकिडवे बसत, मनगटावर तीन बोटं ठेवत आणि डोळे मिटत. पाच-सहा श्वास जात. मग घड्याळ पाहून ते सांगत, "अकरा वाजून वीस मिनिटं. गेले." त्या एका शब्दासाठी लेआउट त्यांना मान देई, आणि खरं सांगायचं तर भैयाजीही त्या एका शब्दासाठीच जगत. घरात त्यांचं ऐकायला एकच बाई, तीही कामात. इथे पन्नास माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहत. एवढं सुख स्टोअरच्या खिडकीमागे कधी मिळालं नव्हतं.

त्यांनी एक चेलाही तयार केला होता. जितेंद्र, मंडप-डेकोरेशनवाला, चाळिशीचा. लग्नाचे आणि मयताचे बांबू एकाच गोदामातून काढणारा व्यवहारी माणूस. त्याला चहाच्या टपरीवर धडे मिळत.

"नाडी नाही म्हणजे नाही, गा जितू. मंग दवाखाना-बिवाखाना काही नाही. दवाखान्यात नेलं का ते पोस्टमार्टम लावतेत, अन् घरचे बसतेत वाट पाहत."

"बरोबर आहे, भैयाजी."

"अंगावर बॅटरीची चीज राहू द्याची नाही. घड्याळ, कानाचं मशीन, पेसमेकर, काहीही असो. सरणावर बॅटरी फुटते. एका ठिकाणी फुटली होती, तं सख्खे लेक चिता सोडून पळाले. अन् मयत उठेपर्यंत त्या घरचं पाणी प्याचं नाही. जीव गेला तरी नाही."

"अन् घरच्या बाया लय रडल्या तं?"

"त्याहीचं तं ऐकाचंच नाही. तिले वाटते हात हालला, तिले वाटते श्वास चालू आहे. बाईले तसंच वाटते. तू ऐकत बसला तं मयत संध्याकाळपर्यंत उठत नाही."

हा शेवटचा धडा त्यांना कौसल्याबाईंच्या घरी सुचला होता. त्याला आता सात वर्षं झाली. कौसल्याबाईंचा नवरा बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत कामाला होता. रविवारी जेवून आडवा झाला, तो चारच्या चहाला उठेना. भैयाजी आले, तीन बोटं ठेवली आणि 'गेले' म्हणाले. कौसल्याबाई म्हणाल्या, "भैयाजी, हात गरम आहे अजून. जराक थांबा ना. डॉक्टरले येऊ द्या एकदा." भैयाजी त्यांच्याशी बोललेच नाहीत. त्यांच्या दिराला म्हणाले, "बाईले आत घ्या." डॉक्टर नंतर आला, त्याने दारातूनच डोकावून कागद लिहून दिला. साडेसहाला गाडी हलली. एवढ्या झटपट काम उरकलं म्हणून लेआउटमध्ये भैयाजींचं कौतुकही झालं.

कौसल्याबाईंनी पुढे कोपऱ्यावर पिठाची चक्की टाकली. भैयाजींच्या घरचं दळण त्या दळून देत, सत्यवतीबाईंशी दोन शब्द बोलत. पण भैयाजी समोरून आले की त्या चक्कीच्या पट्ट्याकडे बघत राहत. भैयाजी म्हणत, बाई जरा घमेंडी आहे.

अशा या माणसाच्या हृदयाने गेल्या वर्षी हात टेकले. आधी जिना चढताना दम लागायला लागला, मग पाय सुजले, मग आडवं झालं की गुदमरायला व्हायचं, म्हणून खुर्चीत बसून झोपायची पाळी आली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची ताकद पंधरा टक्क्यांवर आली आहे. खापरखेड्यातला कुठला पंप पंधरा टक्क्यांवर चालत असता तर भैयाजींनी तो स्वतः भंगारात काढला असता. औषधं थकली होती. दुसऱ्याचं हृदय मिळायचं तर रांग लांब आणि भैयाजींचं वय सहासष्ट. उरला एकच उपाय. छाती उघडून हृदयाच्या डाव्या कप्प्याला एक छोटा पंप जोडायचा. हृदयाने जे रक्त अंगभर ढकलायचं, ते तो ढकलणार. पंपाची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येणार, कमरेला एक डबी, आणि दोन काखांखाली दोन बॅटऱ्या. झोपताना भिंतीतल्या प्लगला जोडून घ्यायचं.

त्यासाठी काटोलजवळची संत्र्याची बाग विकावी लागली. बाग सत्यवतीबाईंच्या माहेरची, त्यांच्या वाट्याला आलेली. ती विकायला भैयाजींनी मोठ्या मनाने परवानगी दिली. बाकीचं हैदराबादला नोकरीवर असलेल्या मुलाने, मोहितने, पाहिलं.

ऑपरेशननंतर शुद्ध आली, घशातली नळी निघाली, तेव्हा भैयाजींनी देवाचं नाव घेतलं नाही की बायकोचं. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवली. काही लागलं नाही. बोटं सरकवून पाहिली. मग घाबरून मानेला लावली. तिथेही शांत.

"सिस्टर," त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "मी गेलो काय वं?"

मयुरा सिस्टर फक्त या पंपाच्या रुग्णांचंच पाहायची. ती हसली. "नाही काका. पंप ठोके देत नाही, तो सारखा वाहतो. नळाच्या धारेसारखा. म्हणून नाडी लागत नाही. छातीला कान लावला तर मोटरची घरघर ऐकू येते, तीच तुमची खूण."

 ज्या परीक्षेत भैयाजींनी अख्ख्या लेआउटला नापास केलं होतं, तिच्यात ते स्वतः नापास होऊन जिवंत होते. आणि का कोण जाणे, इतक्या वर्षांत कधी न आठवलेलं वाक्य त्यांना त्या खाटेवर आठवलं. हात गरम आहे अजून. त्यांनी ते झटकून टाकलं. पुढे घरी आल्यावरही दुपारी डोळा लागत नसला की ते वाक्य यायचं, आणि दर वेळी ते झटकायला आधीपेक्षा जास्त जोर लागायचा.

पंधरा दिवस शिकवणी चालली. बॅटरी बदलायची तर एका वेळी एकच, दोन्ही एकदम कधीच काढायच्या नाहीत. वायरीच्या तोंडाशी जखम स्वच्छ ठेवायची. डबीवरचे आकडे वहीत लिहायचे. सत्यवतीबाई आठवी शिकलेल्या. त्यांनी हे सगळं असं शिकून घेतलं की मयुरा सिस्टर दुसऱ्या रुग्णांच्या बीई झालेल्या मुलांना त्यांच्याकडे पाठवू लागली. भैयाजी शिकवणीच्या वेळी डोळे मिटून पडत. स्टोअर सांभाळलेल्या माणसाला पंप काय शिकवता, असा भाव.

"काका, दोन गोष्टी," मयुरा सिस्टर निघताना म्हणाली. "आधी तुमचं पाणी मोजून होतं, आता तसं नाही. सांगितलंय तेवढं प्यायचंच. अंगात पाणी कमी झालं की पंपाला रक्त पुरत नाही आणि माणूस चक्कर येऊन पडतो. आणि हे कार्ड गळ्यात ठेवा. घरी गेल्यावर शेजारच्या चार लोकांना बोलावून सगळं सांगा."

कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: माझ्या हृदयाला पंप बसवला आहे. नाडी लागत नाही म्हणून मला मृत समजू नये.

भैयाजींनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भाजीच्या हातगाडीवर भावाची पाटी असते, तशी ही पाटी गळ्यात घालून ओंकार लेआउटमधून फिरायचं? ज्याला स्वतःची नाडी नाही, त्याला दुसऱ्याची धरायला कोण बोलावणार? घरी आल्याबरोबर कार्ड कपाटात पत्रिकांच्या खाली गेलं.

"कोणाले काही सांगाचं नाही," त्यांनी बायकोला बजावलं. "स्टेंट टाकला म्हणून सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अवो, पण सिस्टर म्हणे—"

"सिस्टर राहते काय इथी?"

मग भैयाजींनी टेलरकडून एक खिसेवालं जाकीट शिवून घेतलं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात, कुत्री नालीत बसून असतात त्या दिवसांत, ते जाकीट चेनबंद करून फिरू लागले. लोकांनी विचारलं तर म्हणत, डॉक्टरने सांगितलंय, हवा लागू द्यायची नाही. पाण्याचंही त्यांनी स्वतःच्या डोक्याने ठरवलं. आधीचे डॉक्टर दिवसाला एक लिटर म्हणत होते, आताचे दोन म्हणतात. म्हणजे डॉक्टरांनाच धड माहीत नाही. कमी पाणी पिणारा पेशंट शहाणा. अशा शहाण्याला ब्रह्मदेवही समजावू शकत नाही, तिथे सत्यवतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे मागे फिरत, इतकंच.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मधुकरराव गेले. दोन घरं सोडून राहणारे निवृत्त हेडमास्तर, वय चौऱ्याऐंशी. जितेंद्रचा फोन आला तेव्हा भैयाजी जाकीट चढवून तयारच होते. चार महिन्यांत हाताखालून एकही मयत गेलं नव्हतं.

"जाऊ नका," सत्यवतीबाई म्हणाल्या. "शेहेचाळीस डिग्री ऊन आहे बाहेर."

"मी नाही गेलो तं लोक काय म्हणतीन? जितू काल-परवाचा पोरगा."

"मंग पाणी तरी पिऊन जा."

त्यांनी दोन घोट घेतले, उपकार केल्यासारखे. सत्यवतीबाईंनी जास्तीच्या बॅटऱ्यांची पिशवी उचलली आणि त्यांच्या मागे निघाल्या. मयताच्या घरी जाऊन त्या बायकांत बसल्या. शेजारीच भिंतीला टेकून कौसल्याबाई बसल्या होत्या.

भैयाजींनी मधुकररावांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. डोळे मिटले. आपल्या बोटांत ठोका नाही आणि समोरच्या मनगटातही नाही, तर या दोघांत मेलेला नेमका कोण, असा एक विचित्र विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी घाईने घड्याळ पाहिलं. "दहा वाजून पाच मिनिटं. गेले." पन्नास माणसांनी माना हलवल्या आणि भैयाजींना बरं वाटलं.

पण मोठा मुलगा पुण्याहून विमानाने यायचा होता. तीन वाजल्याशिवाय मयत उठणार नव्हतं. अंगणात मांडवाखाली कूलर लावला होता, तो गरम हवाच इकडची तिकडे करत होता. लोक आळीपाळीने आपापल्या घरी जाऊन पाणी पिऊन येत होते. भैयाजी हलले नाहीत. अकराला कुणी गल्लीतून थंड पाण्याची बाटली आणली, तर म्हणाले, "मयत उठेपर्यंत?" आणि असं पाहिलं, की त्या माणसाने बाटली पाठीमागे लपवली. बारा वाजले, एक वाजला. जाकिटाच्या आत घाम वाहून वाहून आटला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण भैयाजींनी त्या दिवशी अंगावर ओढून घेतली. फरक इतकाच की ब्रह्मज्ञानही कोरडंच होतं.

दोनच्या सुमारास जाकिटातून बीप बीप आवाज आला. भैयाजींनी आत हात घालून डबीचं बटण दाबलं. आवाज थांबला. पाच मिनिटांनी परत आला. परत दाबला. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा जितेंद्र म्हणाला, "भैयाजी, फोन उचला ना. घरून असन."

"कंपनीवाल्याहीचा आहे," भैयाजी म्हणाले आणि तिरडीची गाठ बघायला उठले. उठले आणि मांडव त्यांच्याभोवती गरकन फिरला. हातातला सुतळीचा गुंडा लांबवर घरंगळत गेला. भैयाजी तिरडीच्या शेजारीच आडवे झाले.

त्यांना ऐकू येत होतं. विहिरीत उतरलेल्या माणसाला वरच्यांचं येतं तसं, अर्धंमुर्धं. डोळे उघडत नव्हते, जीभ टाळूला चिकटली होती. मग मनगटावर बोटं टेकली. तीन. आणि ती बोटं कशी ठेवली आहेत, हे भैयाजींनी ओळखलं, कारण ती त्यांनीच शिकवली होती. पाच-सहा श्वास गेले.

"दोन वाजून चाळीस मिनिटं," जितेंद्रचा आवाज रडवेला झाला होता. "गेले."

नाही, गेलो नाही, भैयाजी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. ओठ हललेच नाहीत.

अंगणात कल्लोळ उठला. कुणी म्हणालं, दवाखान्यात न्या. जितेंद्रने डोळे पुसले. "नेऊन काय फायदा? पोस्टमार्टम लावतीन. भैयाजी स्वतः म्हणत होते." एकाने कापसाची वात नाकाशी धरली. वात हलली. "कूलरची हवा आहे," दुसरा म्हणाला. मयताच्या कामात दोन बांबू नेहमी जास्तीचे मागवावेत, हा भैयाजींचाच नियम. ते बांबू भिंतीला टेकून उभेच होते. कुणीतरी ते आडवे केले. कसलीही धांदल नाही, कुणाला काही विचारावं लागलं नाही. भैयाजींच्या हाताखाली तयार झालेली माणसं ती.

मग जाकिटाची चेन उघडली.

"बापा!" जितेंद्र म्हणाला. "हे काय आहे? दोन-दोन बॅटऱ्या!"

"पेसमेकरचं मोठं मॉडेल असन."

"पयले काढा. सरणावर फुटते."

आतल्या भीतीचं काय सांगावं! भैयाजी त्या विहिरीच्या तळाशी ओरडत होते. चाळीस वर्षांत जिचं एक वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नव्हतं, तिलाच हाक मारत होते. सत्यवती. सत्यवती, ये वं.

आणि ती आली. आतल्या खोलीतून बायकांना ओलांडत, पिशवी छातीशी धरून. "हात लावू नको, जितेंद्र!" असा आवाज लेआउटने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "ते जिवंत आहेत. मशीन आहे ते, त्याच्यावर चालू आहेत ते. नाडी नाही लागत त्याहिले!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. नाडी लागत नाही आणि जिवंत आहेत! बिचारी.

"काकू, तुम्ही आत बसा," जितेंद्र गहिवरून म्हणाला. "अवो, काकूले आत घ्या ना कोणी." दोघीतिघींनी सत्यवतीबाईंना दंडाला धरलं. त्या हिसके देत होत्या. "छातीले कान लावून पाहा! एकदा कान लावून पाहा!" कुणी लावला नाही. बाईला तसंच वाटतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

जितेंद्रने एक बॅटरी ओढून काढली. डबीने जो आक्रोश सुरू केला, तो मांडवातल्या सगळ्या रडण्याच्या वर गेला. त्याने दुसरीला हात घातला.

"बाजू हो."

कौसल्याबाई होत्या. त्यांनी जितेंद्रचा हात बॅटरीवरून उचलला आणि बाजूला ठेवला. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि सगळ्या लेआउटसमोर, पदर खोचून, त्यांनी परक्या पुरुषाच्या छातीवर कान टेकला.

"कूलर बंद करा," त्या म्हणाल्या.

कूलर बंद झाला. नाकाशी धरलेली वात तरीही हलत होती, पण ती आता कुणाला दिसत नव्हती. सगळे कौसल्याबाईंकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले होते. सात वर्षं त्या चक्कीच्या मोटरशेजारी उभ्या होत्या. पट्टा सुटला, दाणा अडकला, मोटर रिकामी ओढते आहे, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

"मोटर चालू आहे," त्या म्हणाल्या. "रिकामी ओढून राहिली. सोडा सत्यवतीबाईले."

पुढचं सगळं सत्यवतीबाईंनी केलं. बॅटरी जागेवर बसवली, आक्रोश थांबला. दोन्ही पाय उचलून बांबूंच्या भाऱ्यावर ठेवायला लावले. मयुरा सिस्टरला फोन लावून डबीवरचे आकडे वाचून दाखवले. हळूहळू भैयाजींच्या पापण्या हलल्या, ओठ हलले. "पाणी," ते म्हणाले.

आता मयताच्या घरचं पाणी कसं द्यावं, म्हणून माणसं अजूनही घुटमळत होती. सत्यवतीबाईंनी झोळीतून गंगाजलाची बाटली काढली.

"काकू, ते गंगाजल—" जितेंद्र म्हणाला.

"नळाचंच आहे," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि घोट घोट करत सगळी बाटली नवऱ्याला पाजली.

ॲम्ब्युलन्सला पाऊण तास लागणार होता. दारात उभी होती ती मधुकररावांसाठी आलेली शववाहिनी. सत्यवतीबाईंनी भैयाजींना तीत घालायला लावलं. 'राम नाम सत्य है' लिहिलेल्या गाडीतून, बॅटऱ्यांसकट, पाय उंच ठेवून भैयाजी दवाखान्यात निघाले. फाटकावरच्या शिपायाने गाडी पाहून सरळ शवागाराकडे हात दाखवला, तेव्हा सत्यवतीबाईंनी खिडकीतून जे सुनावलं ते तो अजून विसरलेला नाही. मधुकररावांना निघायला दीड तास उशीर झाला. आयुष्यभर घंटेच्या ठोक्याला शाळेत हजर राहिलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी काही तक्रार केली नाही.

चार दिवस सलाइन लावून भैयाजी घरी आले. तोवर सत्यवतीबाईंनी लेआउटच्या लोकांना अंगणात बोलावून, पंपाचं चित्र भिंतीला लावून, सगळं सांगून टाकलं होतं. कपाटातलं कार्ड भैयाजींच्या गळ्यात आलं. जितेंद्र येऊन पाया पडला, रडला.

"मी काही चुकलो नाही, भैयाजी," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलं तसंच केलं सारं."

भैयाजींना त्याच्यावर रागावायचं होतं, पण त्या वाक्यात कुठे बोट ठेवावं ते सापडेना. त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आठवडाभर ते बाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी गव्हाचा डबा उचलला. सत्यवतीबाई म्हणाल्या, "मी नेतो ना." भैयाजी म्हणाले, "राहू दे." आणि कार्ड गळ्यात, जाकीट नाही, बॅटऱ्या सगळ्यांना दिसतील अशा, चक्कीवर गेले.

चक्की चालू होती. कौसल्याबाईंनी त्यांना पाहिलं आणि या वेळी नजर पट्ट्याकडे वळवली नाही. डबा घेतला, वजन केलं, गहू चक्कीत ओतला. भैयाजी तोंडाशी आलेले आभाराचे शब्द जुळवत उभे होते. सात वर्षांपूर्वी पन्नास लोकांसमोर एक शब्द बोलायला त्यांना काही जुळवावं लागलं नव्हतं.

दळण झालं. मोटर थांबली. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत भैयाजींना आपल्या छातीतली घरघर ऐकू आल्यासारखी वाटली.

"कौसल्याबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही नसत्या तं—"

"हात द्या," कौसल्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"हात द्या इकडे."

भैयाजींनी हात पुढे केला. कौसल्याबाईंनी पिठाने भरलेली तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागे दोन बायका दळणाचे डबे घेऊन येऊन उभ्या राहिल्या.  तीन मिनिटं गेली. भैयाजींना हात काढून घ्यावासा वाटला, पण निघेना. कौसल्याबाईंचा नवरा त्या रविवारी खरंच गेला होता, की थोडा बाकी होता, हे आता कुणालाही सांगता यायचं नाही. भैयाजींना तर नाहीच. त्यांनी पाच-सहा श्वासांपलीकडे पाहिलंच नव्हतं. पाच मिनिटं झाली. भैयाजींच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि पुसायला हात मोकळा असूनही त्यांनी पुसलं नाही.

कौसल्याबाईंनी बोटं उचलली.

"इतकं थांबले असते ना भैयाजी," त्या म्हणाल्या, "तं मंग मी काही म्हटलं नसतं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि मागच्या बाईचे गहू घेऊन चक्की सुरू केली.